बाळनिरंजनाची कमाई

हरिओम भुतेकरचं नाव मोबाईलमध्ये टाकलं, की एका आठ वर्षांच्या पोराचा फोटो समोर येतो. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, हातात चिपळ्या. खाली लिहिलेलं असतं की या माजी बालकलाकाराची एकूण संपत्ती पाच कोटी रुपये आहे. हे कोणी लिहिलं आणि कशावरून लिहिलं, कोणालाच माहीत नाही. पण ते वाचून निमखेडीला दोन ठिकाणांहून सोयरिकी आल्या होत्या. पाहुण्यांनी घर पाहिलं, दारातला भाजीचा टेम्पो पाहिला, पोरगा खरंच तोच का म्हणून मोबाईल आणि चेहरा ताडून पाहिला. मग चहा घेतला आणि गेले, ते पुन्हा फोन करायला विसरले. खामगावच्या भाजी बाजारात हमाल त्याला शेठ म्हणत. त्यांच्या मनात वाईट काही नसे. हरिओमही हसून क्रेट उतरवून घेई.

कमाई झालीच नव्हती, असं मात्र नाही.

निमखेडी हे अमडापूरच्या बाजूचं गाव. तिथे हरिओमच्या वडिलांचं, कडूबांचं, विहिरीवरचं थोडं रान होतं. वांगी, मिरची, मेथी लावायची आणि बाजाराच्या दिवशी अमडापूरला नेऊन विकायची, असा घराचा धंदा. कडूबा माळकरी, बोलायला कमी, भजनात टाळ धरून मागच्या रांगेत उभे राहणारे. पोराचा गळा मात्र असा होता की सहाव्या वर्षी तो हिवरा आश्रमाच्या उत्सवात अभंग म्हणायला उभा राहिला, तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली. कोणीतरी ते मोबाईलवर टिपलं. फिरत फिरत ते मुंबईला एका मालिकावाल्याकडे पोचलं. त्याला ‘बाळनिरंजन’ हवा होता. बाराव्या वर्षी समाधी घेतलेल्या एका बालसंताची ती गोष्ट होती.

माणसं गाडी घेऊन निमखेडीला आली. कडूबांना वाटलं, देवानंच गाडी पाठवली. हरिओमची आई सुभद्राबाई चुलीपुढून उठली नाही. पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की लेकराला अजून भाकरीचा काला करून द्यावा लागतो, तिथे कोण देईल. कडूबा म्हणाले, मी देईन. तिला बरोबर जाता येणार नव्हतं. सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि रान कोणाच्या भरवशावर सोडायचं हाही प्रश्न होता. असं करत बाप-लेक मुंबईला गेले आणि ती मागे राहिली. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले होते. मालिका चालली चार वर्षं.

कडूबांनी गोरेगावला एक खोली भाड्यानं घेतली. सकाळी सहाला पोराला अंघोळ घालून ते सेटवर नेत. मेकअप झाला, फेटा बांधला, गंध लागलं, की कोणी पाहत नाही असं बघून ते खाली वाकत आणि पोराच्या पायावर डोकं ठेवत. पहिल्या वेळी हरिओमला गंमत वाटली. पुढे पुढे त्याला त्या क्षणाची भीती वाटू लागली, कारण त्यानंतर दिवसभर बाप त्याच्याशी वेगळ्याच आवाजात बोलत असे. सेटवर कोणी आइस्क्रीम दिलं तर कडूबा म्हणत, बाळनिरंजन असलं खात नाही. खोलीखालच्या बोळीत पोरं क्रिकेट खेळत. तिथे जायचं नाव काढलं तर म्हणत, लोक ओळखतात, लोक पाहतात. आईची आठवण येऊन तो रडला तर म्हणत, देव रडत नसतो.

लोकही तसेच होते. दूरदूरहून गाड्या करून सेटवर येत, तास न् तास उभे राहत. एकदा एका म्हातारीनं पदराच्या गाठीतली दहाची नोट काढून हरिओमच्या पायाशी ठेवली आणि त्याचे तळवे डोळ्यांना लावले. त्या दिवशी कडूबांनी मनाशी ठरवून टाकलं. ही कमाई पोराची नाही. देवाच्या वेषात मिळालेला पैसा देवाचा. त्यातला दाणा घरात शिजला तर अंगावर फुटेल.

आणि ते बोलल्याप्रमाणे वागले. पोराचं मानधन वर्षागणिक वाढत गेलं. शेवटच्या वर्षी पोर एका दिवसाला जेवढं मिळवत होतं, तेवढं रान महिन्याला देत नव्हतं. कडूबांनी त्यातून खोलीचं भाडं आणि एसटीचं तिकीट काढलं, बाकी कशाला हात लावला नाही. सेटवरचा वरणभात खाल्ला, जमिनीवर चटई टाकून झोपले, तुटलेल्या चपलेला तार बांधून चार पावसाळे काढले. चाळीस लाखांवर रक्कम झाली. त्या पैशांतून निमखेडीत बाळनिरंजनाचं मंदिर आणि सभामंडप उभा राहिला. संगमरवरी फरशी, भक्तांसाठी खोल्या, वर लांबून दिसणारा कळस. कारागिरानं मूर्ती घडवायला हरिओमचाच फोटो नेला होता. त्यामुळे गाभाऱ्यात जो बाळनिरंजन उभा राहिला, त्याचं नाक, त्याची जिवणी, उजव्या भुवईवरचा वण, सगळं हरिओमचं होतं.

सुभद्राबाईनं ती चार वर्षं टीव्हीपुढे काढली. रोज संध्याकाळी गल्लीतल्या बाया तिच्या घरी जमत, मालिका सुरू झाली की हात जोडत. ही मात्र पोराचं मनगट पाही. बारीक झाला का, डोळे ओढले का, आज सर्दी आहे का. मालिकेत मंजुश्री नावाची नटी बाळनिरंजनाची आई झाली होती. ती पोराला जवळ घेई, घास भरवी, तेव्हा सुभद्राबाई उठून पाणी आणायच्या निमित्तानं आत जाई. समाधीचा भाग लागला त्या दिवशी गावानं चावडीपुढे मोठा पडदा लावला होता. अख्खं गाव रडत होतं. पडद्यावर पोराचे डोळे मिटले आणि वर फुलं पडू लागली तेव्हा सुभद्राबाई तिथून निघाली आणि गोठ्यात जाऊन गायीजवळ बसून राहिली. पोर मुंबईत ठणठणीत आहे हे तिला माहीत होतं. तरी तिच्यानं ते पाहवलं नाही.

आठवड्यानं हरिओम घरी आला. उंच झालेला, घोगऱ्या आवाजाचा. दारात आईला पाहून त्याच्या तोंडून निघालं, “माउली.”

बाया हसल्या. सुभद्राबाईही हसली. मग तिनं त्याला पोटाशी धरलं आणि हळूच म्हणाली, “मले माय म्हन रे.”

पुढचं लवकर आटोपलं. आवाज फुटलेल्या पोराला मुंबईत कोणी काम दिलं नाही. जिथे गेला तिथे लोक म्हणाले, हा चेहरा संताचा, याला दुसऱ्या कशात कोण मानेल. तो शाळेत परत बसला, पण चार वर्षांत सेटवरच्या शिकवणीनं त्याला धड भागाकारही शिकवला नव्हता. वर्गातली काही पोरं चेष्टेनं त्याच्या पाया पडत, आणि एक म्हातारे गुरुजी खरोखरच पडत. दोन्ही त्याला सारखंच लागे. दहावीला दोनदा अडकला, तिसऱ्यांदा सुटला. मग बँकेचं कर्ज काढून टेम्पो घेतला आणि गावची भाजी खामगावला नेऊ लागला. कष्टाचा पोरगा होता. कर्ज फेडलं, घरावर स्लॅब टाकला, आईला शिलाई मशीन आणून दिलं.

बापाशी त्याचं भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. कडूबा पहाटे उठून मंदिरात जात, मूर्तीला अंघोळ घालत, गंध लावत, माथा टेकत. घरी येत तेव्हा हरिओम क्रेट भरत असे. “वांगे आवरले का,” एवढं विचारून ते पुढे जात. सुभद्राबाईसुद्धा दुपारी काम आटोपलं की मंदिरात जाऊन बसे. बायांना वाटे, हिला उशिरा का होईना भक्ती लागली. एकदा हरिओम तिला शोधत गेला तर ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली होती आणि मूर्तीकडे टक लावून पाहत होती. तिनं त्याला जवळ बसवलं आणि म्हणाली, “तू एवढा व्हता, तवा मले पाहाले भेटलाच नाही. म्हून येतो इथी पाहाले.”

मागच्या हिवाळ्यात तिला धाप लागू लागली. आधी विहिरीच्या पायऱ्या चढताना, मग अंगण झाडतानाही. खामगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हृदयाची झडप खराब झाली आहे, ती बदलावी लागेल, आणि जास्त दिवस काढू नका. संभाजीनगरला सरकारी दवाखान्यात गेले तर तिथे रांग मोठी होती. दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. खासगी दवाखाना आठवड्यात करायला तयार होता. त्याचा खर्च ऐकून हरिओम बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिला. जवळच्या दोघा-तिघांकडे त्यानं उसने मागून पाहिले. एकानं सरळ मोबाईल काढून तो पाच कोटींचा आकडा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, “आमची काऊन थट्टा करून राह्यला भाऊ?”

तेव्हा तो मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष पंजाबराव यांच्याकडे गेला. ट्रस्टकडे नव्या महाद्वारासाठी पैसा साठलेला आहे हे गावाला ठाऊक होतं. पंजाबराव गावातले वजनदार गृहस्थ. पण मनानं वाईट नाहीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी सभामंडपात बैठक बोलावली. पाच-सहा सभासद आले. कडूबाही सभासद होते, ते खांबाला टेकून बसले. हरिओमनं उभं राहून सगळं सांगितलं. दान नको, उसने द्या, वर्ष-दीड वर्षात फेडतो, म्हणाला.

कोणी नाही म्हटलं नाही. पंजाबराव कडूबांकडे वळले.

“कडूबा भाऊ, हे सारं तुमच्याच पोराच्या पैशावर उभं आहे. तुमी एकदा तोंडानं म्हना, मी आत्ता चेक फाडतो. मंग मले कोणी काय बोललं तर मी पाहून घेईन.”

सगळे कडूबांकडे पाहू लागले. कडूबांची नजर गाभाऱ्यात होती. त्यांचे ओठ हलत होते.

“दिलेलं मागं घेतलं तर मंग ते दान कायचं?” ते म्हणाले. “तिचं आयुष्य असन तर तो राखीन.”

हरिओमनं इतक्या वर्षांत बापापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. तो म्हणाला, “बाबा, दान तुमी दिलं. पन कमावलं म्या व्हतं.”

“तू काय कमावलं?” कडूबा म्हणाले. रागानं नव्हे, एखाद्या लहान पोराला समजावून सांगावं तसं. “लोक त्याच्या पाया पडत व्हते. तुह्या नाही.”

पंजाबरावांनी मान खाली घातली. हरिओमनं चपला घातल्या आणि तो निघून आला.

घरी सुभद्राबाई भिंतीला उशी लावून बसली होती. निजलं की तिला श्वास पुरत नसे. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. हरिओम बापाला बोलू लागला तशी तिनं हात वर केला. थांबत थांबत ती म्हणाली, “त्याईले वंगाळ बोलू नको. त्याईनं तो पैसा सोताच्या पोटालेबी लावला नाही. खाल्ला असता, त भांडता आलं असतं.”

दुसऱ्या दिवशी कडूबांनी गाय विकली. वांग्याचं उभं पीक व्यापाऱ्याला देऊन टाकलं. आलेले पैसे त्यांनी बायकोच्या उशाशी ठेवले आणि म्हणाले, “हे माहे आहेत.” मग तोंड फिरवून अंगणात गेले. हरिओमनं टेम्पो विकायला गिऱ्हाईक पाहिलं. तरी पुरत नव्हतं. तेव्हा त्यानं फार वर्षांनी मंजुश्रीला फोन केला. ती आता मालिकांमध्ये आज्या करत होती, मुंबईतच एकटी राहत होती. तिनं हरिओमला आवाजावरून ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर मात्र फोनवरच रडली. तिच्याकडेही फार नव्हतं. तरी तिनं एक लाख रुपये पाठवले आणि परत करायचं नाव काढू नकोस म्हणून बजावलं.

सुभद्राबाईनं तिच्याशी बोलायचा हट्ट धरला. हरिओमनं फोन लावून स्पीकर सुरू केला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

“बाई, मी हरिओमची माय बोलतो.”

“हो ताई, बोला. कशी आहे तब्येत?”

“आहे चालू. पैसे भेटले. तुमचे लय उपकार झाले. पन म्या त्याच्यासाठी फोन नाही लावला. मले एक इचाराचं व्हतं.” ती दम घ्यायला थांबली. “तिथी तो रडे का?”

पलीकडे चालू असलेला टीव्हीचा आवाज बंद झाला.

“पहिलं वर्षभर फार रडायचा,” मंजुश्री म्हणाली. “कॅमेऱ्यापुढे नाही रडायचा. सीन संपला की माझ्या मांडीवरून उठायचाच नाही. मी थोपटायचे. तिथेच झोपून जायचा. मग त्याला उठवायला कोणाचा जीव व्हायचा नाही, सगळे थांबायचे.”

“झोपीत काही म्हने?”

“भाकरी मागायचा. काला की काय म्हणायचा.”

सुभद्राबाईनं पदर तोंडाला लावला. हरिओम फोन उचलायला पुढे झाला, पण तिनं त्याचा हात धरून ठेवला.

“अन् दात? टीव्हीत त त्याचे दात कधी पडलेच नाही. मी रोज पाहो.”

“पडले ना, ताई. समोरचे दोन्ही एकदमच पडले. शूटिंगला त्याला खोटे दात लावायचे. ते टोचायचे त्याला, म्हणून जेवताना काढून माझ्याकडे द्यायचा.”

“बरं झालं,” सुभद्राबाई म्हणाली. “मले वाटे, माह्या लेकराचे दात काऊन पडत नाही. आता समजलं.” ती हसली आणि त्या हसण्यानंच तिला धाप लागली. “तुमी त्याले मांडीवर घेतलं, ते माह्याच्यानं पाहवत नव्हतं, बाई. आता वाटते, बरं झालं कोनीतरी घेतलं.”

हा फोन झाल्यावर ती दिवसभर समाधानात होती. हरिओमला समोर बसवून तिनं त्याला तोंड उघडायला लावलं आणि त्याचे दात पाहिले, तेवीस वर्षांच्या माणसाचे. त्यानं ते निमूट करू दिलं.

पैसे जमेपर्यंत तीन आठवडे गेले होते. टेम्पो विकून हरिओमनं भाड्याची गाडी केली आणि ते तिघं संभाजीनगरला गेले. ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं सुभद्राबाईच्या हातातल्या बांगड्या काढून हरिओमकडे दिल्या. आत नेताना आईनं त्याला खाली वाकायला सांगितलं आणि म्हणाली, की तुझ्या बापानं पाणीसुद्धा घेतलं नसेल, त्याला काहीतरी खाऊ घाल. खरंच कडूबांनी कालपासून तोंडात काही घातलं नव्हतं. हरिओमनं केळी आणली. त्यांनी ती हातात घेतली आणि तशीच धरून बसले.

झडप नीट बसली. हृदयच चालेना. दुपारनंतर डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून हरिओमला कळलं, तरी त्यांचं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हृदय फार थकलं होतं, आम्ही खूप प्रयत्न केले, असं ते म्हणत होते. त्यानं विचारलं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर?

डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“कदाचित,” ते म्हणाले. “पण नक्की नाही सांगता येत. ते मनाला लावून घेऊ नका.”

हरिओम वळला तर कडूबा मागेच उभे होते. ती केळी अजून त्यांच्या हातातच होती. त्यांनी ऐकलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर कडूबा पुढे ड्रायव्हरजवळ बसले, हरिओम मागे आईजवळ.

तेरवीसाठी पंजाबराव स्वतः घरी आले. सभामंडप घ्या, भाडं नाही, स्वयंपाकाचं सगळं मंदिराकडून, म्हणाले. कडूबांनी हात जोडले आणि घरीच करू म्हणून सांगितलं. अंगणात मांडव घालून तेरवी झाली. त्यानंतर कडूबा पहाटे मंदिरात गेलेले कोणाला दिसले नाहीत. मूर्तीच्या पूजेसाठी ट्रस्टनं पगारी माणूस ठेवला. लोक म्हणाले, दुःखानं माणूस देवावर रुसतो, येईल परत. ते आले नाहीत, आणि देवाबद्दल वाईटही बोलले नाहीत. पहाटे उठत, रिकाम्या गोठ्याजवळ बसत, उजाडलं की रानात जात.

हरिओमला त्या घरात राहवेना. त्यानं खामगावला एका तेल मिलमध्ये ड्रायव्हरचं काम धरलं आणि मिलच्या मागच्या खोलीतच राहू लागला. घरी तो दर रविवारी जाई. किराणा ठेवी, बापाची औषधं ठेवी, सिलेंडर बघे. बाप विचारी, जेवला का. तो म्हणे, हाव. तेवढंच.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा एके दिवशी दुपारी मिलच्या फाटकावरच्या वॉचमननं त्याला हाक मारली. फाटकाबाहेर कडूबा उभे होते. खांद्याला पिशवी, पांढरं धोतर धुळीनं मळलेलं. ते याआधी कधी खामगावला त्याच्याकडे आले नव्हते. हरिओम घाबरला, काय झालं म्हणाला. काही झालं नाही, असाच आलो, म्हणाले. चहाच्या टपरीजवळ एक बाक होता, तिथे दोघं बसले. कडूबांनी पिशवीतून मेथीची जुडी काढून दिली. भाकरी करायला घेतली होती पण ती फाटते, जमत नाही, असं सांगितलं. वांग्याला भाव नाही म्हणाले. टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. कडूबांनी कप उचलला, न पिताच पुन्हा खाली ठेवला.

“हरिओम, एक इचारू?”

“इचारा ना.”

“तुले त्या टायमाले मुंबईले जाचं व्हतं का?”

हे त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. गाडी घेऊन आलेल्यांनी नाही, गावानं नाही, मंजुश्रीनंही नाही. हो म्हटलं असतं तर म्हातारा हलका होऊन गेला असता, हे त्याला दिसत होतं. बापाचे हात त्याच्या शेजारीच होते, मेथीची माती नखांत अडकलेले.

“नव्हतं, बाबा,” तो म्हणाला. “मले मायजवळ राह्याचं व्हतं.”

कडूबांनी मान हलवली.

“मंग तवा बोलला काऊन नाही?”

“सात वर्साचा व्हतो म्या.”

“हाव,” कडूबा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “हाव. सात वर्साचाच व्हता तू.”

त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही आणि आवाजही केला नाही. हरिओमला वाटलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवावा. त्यानं ठेवला. पण त्या हातात माया होती की नुसती कीव होती, हे त्याला स्वतःलाच कळलं नाही, आणि कडूबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी हळूच अंग आवरून घेतलं. म्हणाले, अमडापूरची गाडी आहे आता, निघतो. रात्री राहा, माझ्या खोलीत जागा आहे, असं हरिओम म्हणाला. ते म्हणाले, रानात पाणी लावायचं आहे.

तो त्यांना स्टँडवर सोडायला गेला. गाडी लागलेली होती. कडूबा दांडीला धरून एक एक पायरी चढले, मागच्या बाजूला खिडकीपाशी बसले. हरिओम खिडकीखाली उभा राहिला. शेवटी कडूबा म्हणाले, मेथी आजच कर, उद्या सुकेल. तो हो म्हणाला.

गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडून चिखली रस्त्याला लागली, तेव्हा हरिओम मिलकडे परत फिरला. पेंडीची पोती गाडीत भरायची होती, आणि मुकादमानं आधीच दोनदा फोन केला होता.